सात फेऱ्यांचं माप

सटवाईवाडीची गिरणी बंद पडली, हे गावाला सांगावं लागलं नाही. इंजिनाच्या धुराड्यावर पालथा घातलेला पत्र्याचा डबा दिवसभर टुक टुक बोलायचा, तो एका दुपारी गप्प झाला. तिकडे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. मुकादम ओरडला तेव्हा ते पुन्हा चालू झाले, पण प्रत्येकीच्या मनात एकच आलं की आता घरी गेल्यावर जातं ओढायचं.

दुष्काळाचं साल होतं. शेतात काही नव्हतं, विहिरीत काही नव्हतं, आणि रेशनवर मिळत होता तो मिलो. मिलो म्हणजे परदेशातून बोटीनं आलेली तांबडी ज्वारी. दळायला आपल्या ज्वारीपेक्षा चिवट, थापायला त्याहून चिवट, आणि चवीबद्दल न बोललेलं बरं. दिवसभर खडी फोडून हाताला फोड आलेल्या बाईनं रात्री हे धान्य जात्यावर दळायचं म्हणजे शिक्षाच होती. म्हणून त्या वर्षी सटवाईवाडीत देवळापेक्षा गिरणीत जास्त गर्दी असायची.

गिरणी केशरबाईची. कागदावर ती पुंजारामची होती, पण कागदाला काय कळतं! पुंजाराम म्हणजे केशरबाईचे मालक. भजनी माणूस, गळा गोड, स्वभाव त्याहून गोड. फक्त इंजिनाचं हँडल मारायचं म्हटलं की त्यांच्या कमरेत कळ यायची, आणि पट्टा चढवायचा म्हटलं की नेमकी एकादशी निघायची. लग्न होऊन आली तेव्हा केशरबाई इंजिनाच्या आवाजाला घाबरायची. आता आवाज थांबला की घाबरायची. डिझेल भरणं, पट्टा चढवणं, दगडांना टाकी लावणं, सगळं तीच करायची आणि कुणाला त्यात नवल वाटायचं नाही.

बिघाड तिनं स्वतःच शोधला. गिरणीचा फिरता दगड एका जाड लोखंडी शाफ्टावर बसलेला असतो, आणि तो शाफ्ट ज्या पिवळ्या धातूच्या कड्यात फिरतो त्याला बुश म्हणतात. बुश आतून झिजला की शाफ्ट डुलायला लागतो, शाफ्ट डुलला की दगड वाकडा फिरतो आणि पीठ गरम यायला लागतं. आठवडाभर बायका पिठात हात घालून म्हणत होत्या, "केशर, पीठ करपट लागतंय गं." त्या दिवशी धूरच निघाला. केशरबाईनं इंजिन बंद केलं, चार माणसांकडून शाफ्ट सरकवून घेतला आणि हातोडीनं ठोकून तो बुश बाहेर काढला. आतलं भोक गोल राहिलंच नव्हतं.

बनुबाई दारात आली. तलावाच्या कामावर तिच्या हाताखाली दहा-पंधरा बायका होत्या, त्यामुळे ती विचारायची ते सगळ्यांच्या वतीनं.

"तीन दिसांनी मिलो वाटनार हायेत, केशर. दोन हप्त्यांचा एकदम. तवर व्हईल ना गं चालू?"

"व्हईल," केशरबाई म्हणाली.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. कसं होईल हे तिला कुठं ठाऊक होतं? पण बनुबाईचे फोड आलेले हात समोर असताना दुसरं काही तोंडातून निघालं नाही. आणि एकदा निघाल्यावर तो शब्द तिचा झाला.

लगेच दुपारच्या गाडीनं ती बुश फडक्यात बांधून कर्जतला गेली. स्टँडच्या मागं सहादू मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे, लोखंड कातायचं एक जुनं लेथ, आणि ते फिरवायला बाहेर एक तेलाचं इंजिन. सहादू पस्तिशीचा, हात सोन्याचे आणि तोंड कडुलिंबाचं. कुणी आलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "माप आना, मग बोला." माप नसेल तर तो मान वर करून बघायचासुद्धा नाही.

त्या वेळी लेथवर एक दांडा फिरत होता. दांड्याचं एक टोक चकीच्या तीन जबड्यांनी धरलं होतं आणि बाजूनं एक धारदार टूल हळूहळू पुढं सरकत होतं. टूल टेकेल तिथून लोखंडाचा कुरळा कीस निघून खाली पडत होता, आणि टूलाच्या मागं चकचकीत वाट उमटत होती. केशरबाई बघतच राहिली. आपल्याकडे दगड फिरतो आणि धान्य कापलं जातं, इथं काम फिरतं आणि हत्यार उभं राहतं. उलटा कारभार, पण डोकं असलेला.

सहादूनं बुश हातात घेतला. डोळ्याला लावला, बोट आत फिरवलं.

"आतनं अंड्यासारखा झालाय. ह्याच्यावरनं भायेरचं माप घावंल, आतलं न्हाई घावायचं. शाफ्ट आना."

"शाफ्टावर दगड बसलाय, मिस्त्री. चार बापये लागत्यात उचलायला. यष्टीत कुठं घालू?"

"मग माप आना शाफ्टाचं. बुश जिथं बसतो, बरुबर तिथलं. सुतात आना."

"सुतात?"

"व्हय, सुतात." त्यानं फळीवरून एक पिवळा गोल ठोकळा काढून तिच्यासमोर ठेवला. "ह्यो गनमेटलचा तुकडा. बुश ह्याचाच कातायचा. एकच ऱ्हायलाय. नगरवरनं दुसरा कवा यील, सांगता येत न्हाई. तवा एक ध्यानात ठिवा, मावशी. कमी कापलं तर आनखी कापता येतं. जादा कापलेलं परत लावता येत न्हाई."

हे वाक्य केशरबाईनं पदराच्या गाठीला बांधल्यासारखं लक्षात ठेवलं. घोटाळा झाला तो त्याच्या आधीच्या शब्दात. कारागिरांच्या भाषेत एका इंचाची आठ सुतं होतात. सुताराला माहीत, गवंड्याला माहीत. केशरबाई सुताराच्या घरी जन्मली असती तर तिलाही माहीत असतं. तिला सूत म्हणजे सूत, कापसाचं, कोनाड्यात ठेवलेलं.

घरी येऊन तिनं कोनाड्यातली गुंडी काढली. गेल्या वटपौर्णिमेची उरलेली. शाफ्टावरचं तेल पुसलं, बुशाच्या जागेवर कोळशानं एक रेघ मारली, सुताच्या टोकाला गाठ घातली, गाठ रेघेवर धरली आणि गुंडाळायला सुरुवात केली. एकदा गुंडाळून ती थांबली नाही. हाताला सवय होती. सूत गुंडाळायचं म्हटलं की सात फेरे, ना कमी ना जास्त. वडाला जसं ताणून घ्यायचं तसंच ताणून, एका वेढ्याला लागून दुसरा. सातवा वेढा रेघेवर आला तिथं तिनं कातरीनं सूत कापलं आणि रिकाम्या काडेपेटीत ठेवलं.

"शाफ्टाची पूजा चाललीय का?" पुंजारामनं माजघरातून विचारलं.

"व्हय. तुमास्नी येळ न्हाई, म्हनून त्याची करतीया."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती पुन्हा कर्जतला. दुकानात कानिफनाथ नावाचा ट्रॅक्टरवाला चहा पीत बसला होता. केशरबाईनं काडेपेटी सहादूच्या हातात दिली. त्यानं ती उघडली, दोन बोटांनी सूत वर उचललं, आणि काय बघतोय ते कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"ह्ये काय?"

"माप. सुतात आना म्हनला ना तुमी?"

सहादू जो हसला तो लेथला टेकून हसला. कानिफनाथच्या नाकातून चहा यायचा बाकी राहिला.

"मावशी, शाफ्टाला वड समजला का काय? सात जन्म ह्योच शाफ्ट मिळू दे म्हनून मागायचं ऱ्हायलं की!"

"सुतावरनं सर्ग गाठत्यात म्हनं," कानिफनाथ म्हणाला, "मावशी गिरनी गाठाया निघाल्या."

सहादूनं सूत बोटांवरून झटकलं. ते लेथखालच्या किसाच्या ढिगात पडलं.

केशरबाईचे कान तापले. तिला एकदम घरी जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हातातली पिशवी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"मिस्त्री," ती म्हणाली, "सुतात आना ह्ये तुमी म्हनला. मी सुतात आनलं. तुमचं सूत येगळं हाय, त्ये मला कुनी सांगितलं? आमच्या बाया तिकडं खडी फोडून हातानं दळत्यात. मी दोन दिस यष्टीत धूळ खातीया. आदी नीट सांगायचं, मग हसायचं."

कानिफनाथनं कपात बघितलं. सहादूचं हसू थांबलं, पण माफीबिफी मागण्याची त्याची रीत नव्हती. त्यानं तिच्यासाठी चहा सांगितला. ती प्यायली नाही.

मग त्यानं भिंतीवरून एक हत्यार काढलं. दोन वाकडे पाय, वर एका खिळ्यात घट्ट बसवलेले, खेकड्याच्या नांग्यांसारखे. त्याला तो कॅलिपर म्हणाला. एका दांड्यावर लावून दाखवला. दोन्ही पाय दोन्हीकडून टेकले पाहिजेत, दाबायचे नाहीत, आपल्याच वजनानं तो दांड्यावरून खाली सरकला पाहिजे. असं झालं की पायांमधलं अंतर म्हणजे दांड्याची जाडी. केशरबाईनं तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा सहादूनं मान हलवली.

"शाफ्टाला असाच लावा आनि हाय तसाच माघारी आना. धक्का लागला की माप गेलं."

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मिलो वाटपाच्या आदल्या दिवशी, केशरबाई रात्री शाफ्टाचं माप घेतलेला कॅलिपर घेऊन गाडीत चढली. आरतीचं ताट धरावं तसा दोन्ही हातांत धरून. कंडक्टरनं तिकिटाला हात पुढं केला, तर तिनं सुटे पैसे बांधलेलं पदराचं टोक हनुवटीनं दाखवलं. गाडी गच्च भरली होती. छावणीवरच्या जनावरांसाठी चारा घेऊन निघालेले लोक, त्यांचे भारे, एक शेळी. केशरबाईला बसायला जागा मिळाली, पण ती बसली नाही. बसलं की मांडीवर कुणीतरी काहीतरी ठेवतंच.

कर्जतच्या अलीकडच्या ओढ्यात गाडीनं गचका खाल्ला. पुढचा माणूस मागं आला, त्याच्या डोक्यावरचा भारा खाली आला, आणि कॅलिपरचा एक पाय बाकाच्या नळीवर आदळला. टण्ण असा आवाज झाला.

तिनं बघितलं. दिसायला तो तस्साच होता. हलला असेल, नसेलही. पायांमधल्या मोकळ्या जागेकडं ती इतका वेळ बघत राहिली की ती जागा कधी मोठी वाटायची, कधी लहान. डोळ्यांना कळण्यासारखं ते नव्हतंच.

स्टँडपासून दुकानापर्यंतच्या वाटेत तिच्या मनात जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. गप्प बसावं असंच आलं. न सांगितलं तर कुणाला कळणार? हलला नसेल तर बरंच झालं. आणि सांगितलं तर तो पुन्हा हसणार. काल हसला ते अजून कानात होतं. पण मग तो एकुलता एक पिवळा ठोकळा डोळ्यांसमोर आला. जादा कापलेलं परत लावता येत नाही. हसणं परवडलं.

"मिस्त्री," दारातूनच ती म्हणाली, "गाडीत धक्का लागला. माप हाललंय का न्हाई, मला सांगता येत न्हाई."

सहादू हसला नाही. ते अधिक वाईट होतं. त्यानं सकाळीच ठोकळा चकीत धरून बाहेरून जुन्या बुशाच्या मापाचा कातून ठेवला होता. फक्त आतलं भोक राहिलं होतं. भोक पाडणारं टूल धार लावून तयार होतं. त्यानं हातातलं फडकं जमिनीवर आपटलं.

"आता काय करू? अंदाजानं भोक पाडू? गाडी संध्याकाळी एकच. तुमी जाऊन उद्या येस्तवर दुपार झाली."

"उद्या वाटप हाय."

"म्हाईत हाय मला!"

बाहेर इंजिन रिकामंच धडधडत होतं. केशरबाईला त्या आवाजात एक ठोका चुकतोय हे कळत होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. सहादू गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. एकाएकी त्यानं मान वर केली.

"मावशी, त्ये सूत. त्ये एकदा गुंडाळलं हुतं का कसं?"

"सात येळा."

"सात कशापायी?"

"मग किती? वडाला सातच गुंडाळत्यात."

सहादू उठून उभा राहिला. शाळेत गुरुजींनी छडीवर शिकवलेलं त्याला आठवलं होतं. गोलाचा घेर म्हणजे जाडीच्या बावीस सप्तमांश. एकाच घेराचं गणित म्हणजे अपूर्णांकांची डोकेदुखी. पण इथं घेरच सात.

"सात घेर म्हंजे बावीस शाफ्ट शेजारी शेजारी मांडल्यावानी," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "शाफ्टात एका केसाचा फरक असंल, तर सुतात बावीस केसांचा दिसंल. मावशी, ह्ये कॅलिपरपेक्षा..."

वाक्य पुरं न करता तो लेथखाली शिरला. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी कीस उपसायला लागला. नशीब की तो आळशी होता आणि दोन दिवसांत त्यानं दुकान झाडलं नव्हतं. कीस म्हणजे पातीसारखा धारदार. बोट कापलं, ते त्यानं तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं शोधत राहिला. केशरबाई उभी राहून बघत होती. काल हे सूत टाकणारा हात आज ते शोधत होता, आणि तिला मदतीला वाकावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मग उद्याचं वाटप आठवलं आणि तीही खाली बसली. सूत तिलाच सापडलं, तेलानं काळं झालेलं, पण अखंड.

"आता मोजा," ती म्हणाली.

"मोजायचं न्हाई. सुताला सोताची जाडी असती, तान असतो. मोजलं की चुकलं." सहादूनं गनमेटलचा ठोकळा चकीतून अलगद काढून बाजूला ठेवला आणि त्या जागी भंगारातला लोखंडी दांडा धरला. "ह्याचा शाफ्ट करायचा. तुमच्या शाफ्टाचा जुळा भाऊ. ह्ये सूत तिथं सात फेऱ्यांत रेघेला भिडलं, तर हितंबी सात फेऱ्यांत भिडलं पायजे. लोखंड वाया गेलं तर गेलं, माज्याकडं रग्गड हाय. गनमेटलला तवर हात लावायचा न्हाई."

त्यानं लेथ चालू केलं, टूल टेकवलं, दांडा वरवर कातला आणि पट्टा सोडून लेथ थांबवलं. मग सूत उचलून तिच्यापुढं धरलं.

"तुमी गुंडाळा."

"मी?"

"तिथं ज्या हातानं वढलं, त्याच हातानं हितं वढलं पायजे. माजा हात येगळा."

केशरबाईनं पदर खोचला. दांड्यावर रेघ मारली, गाठ रेघेवर धरली आणि डोळे अर्धे मिटून गुंडाळायला लागली. मनात वडच आणला. एक, दोन, तीन. सातवा वेढा रेघेपर्यंत पोचलाच नाही, चार बोटं कमी पडला. म्हणजे दांडा अजून जाड होता. सहादूनं लेथ चालू केलं, टूल थोडं पुढं घेतलं, एक कट मारला. थांबवलं. तिनं गुंडाळलं. दोन बोटं कमी. पुन्हा कट, पुन्हा सात फेरे. एक बोट. आता सहादू टूलाची मूठ इतकी हळू फिरवत होता की फिरतेय की नाही ते कळू नये. कीस आता कुरळा पडत नव्हता, भुकटी पडत होती. दर वेळी काळजी एकच, की सुताचं टोक रेघेच्या पुढं निघून जायला नको.

अर्धं बोट. मग हरभऱ्याएवढं. मग ज्वारीच्या दाण्याएवढं.

"आता नुसतं पुसून काढतो," सहादू म्हणाला. त्यानं टूलाची धार पुन्हा दगडावर ओढली आणि एक कट असा मारला की आवाजच आला नाही.

केशरबाईनं गुंडाळलं. सातवा वेढा आला आणि सुताचं कापलेलं टोक रेघेवर येऊन टेकलं. ना पुढं, ना मागं.

सहादूनं तिनं आणलेला कॅलिपर उचलून त्या दांड्याला लावला. दोन्ही पाय सैल डुलले. मधून बोटाचं नख जाईल एवढी जागा होती. गाडीतला धक्का तेवढा होता. त्या मापानं भोक पाडलं असतं तर एकुलता एक ठोकळा भंगारात गेला असता. सहादूनं कॅलिपर खाली ठेवला.

"सांगितलंत म्हनून," तो म्हणाला. एवढंच. पण कडुलिंबाच्या झाडाला तेवढंही गोड फळ म्हणायचं.

पुढचं काम त्याचं नेहमीचं होतं. ठोकळा चकीत धरला, आत भोक पाडलं, ते हळूहळू मोठं करत नेलं, आणि दर वेळी तो जुळा भाऊ आत घालून बघितला. शेवटी तेल लावून घातला तेव्हा दांडा आपल्याच वजनानं सावकाश आत गेला आणि हातानं फिरवला की मुकाट फिरला. शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये फक्त तेलाला पुरेल एवढी जागा होती.

निघताना सहादू म्हणाला, "मावशी, ह्ये सूत माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

"न्हाई," केशरबाई म्हणाली. "माजं हाय." तिनं ते काडेपेटीत घातलं. मग दारात थांबून म्हणाली, "तुमच्या इंजिनाचा एक ठोका चुकतोय, मिस्त्री. डिझेलच्या नळीत कचरा आसंल."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी तिनं बुश लाकडाच्या ठोकळीनं ठोकून बसवला, चार माणसांना हाक मारून शाफ्ट जागेवर घेतला, तेल सोडलं, पट्टा चढवला आणि हँडल मारलं. डबा टुक टुक बोलायला लागला. दुपारी वाटप झालं आणि तलावावरून बायका थेट गिरणीत आल्या. डोक्यावर मिलोच्या पाट्या, हातांना चिंध्या बांधलेल्या. रांग देवळापर्यंत गेली. पुंजारामसुद्धा उठून आले आणि रांगेत कोण पुढं, कोण मागं यावर न्यायनिवाडा करायला लागले. काडेपेटीतलं सूत त्यांनी मधेच बघितलं.

"केशर, ह्ये काळं सूत कशाला ठिवलंय? जेष्ठात वडाला नवं आनू."

"वडाला नवंच आना," ती इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाली. "ह्ये शाफ्टाचं. त्याला सात जन्म मागितलं तर निदान त्यो फिरतो तरी!"

रांगेतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. पुंजारामही हसले, भला माणूस.

पहिली पाटी बनुबाईची होती. पिठाची धार डब्यात पडायला लागली तशी तिनं त्या धारेखाली हात धरला, चिंधी बांधलेला. तांबूस, बारीक पीठ तिच्या तळव्यावर साचत गेलं. ती केशरबाईच्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, "गार हाय गं, केशर! पीठ गार हाय!"

केशरबाईनं मान डोलावली आणि तोंड पट्ट्याकडं वळवलं. तिला रडू आलं. इंजिनाच्या आवाजात ती मोकळेपणानं रडली, आणि हात पुढच्या पाटीकडं गेलाच.